भग्न देवळात आपलं काय काम?



आपल्यापैकी कुणालाही विचारा, शिखरजी किती वेळा झालं? बोटांवर मोजून सांगेल. गिरनार, पावापुरी, कुंथलगिरी, श्रवणबेळगोळ, सगळं तोंडपाठ. मांगीतुंगीला २०१६ साली ऋषभदेवांच्या १०८ फुटी मूर्तीची प्रतिष्ठा झाली, त्या सोहळ्याच्या गोष्टी अजून आपल्या बैठकीत निघतात. आता तर दोघी-तिघी मुलांकडे इंग्लंडला जाऊन आल्यात. तिकडची चर्चं, किल्ले, जुनी बाजारपेठ, सगळ्याचे फोटो ग्रुपवर येतात आणि आपण खाली हात जोडलेले नाहीतर टाळ्यांचे शिक्के टाकतो.

आणि अंजनेरी? ‘ते हनुमानाचं ना, त्र्यंबकच्या रस्त्यावरचं?’ इथं विषय संपतो. डोंगराच्या पायथ्याशी यादवकाळातली देवळं उभी आहेत, त्यातली बरीचशी जैन आहेत, हे आपल्यातल्या फार थोड्या जणींना ठाऊक. ज्यांना ठाऊक आहे त्याही जात नाहीत. कारण विचारलं की उत्तर एकच: ‘तिथं पूजा नाही. मूर्ती खंडित. मग जाऊन करायचं काय?’

मला आज या एका वाक्यावरच लिहायचंय. खंडित मूर्ती पूजेत ठेवू नये, ही आपली रीत आहे आणि ती मी मानते. अभिषेक, प्रक्षाळ, अष्टद्रव्य हे सगळं प्रतिष्ठित मूर्तीपुढेच. पण पूजू नये याचा अर्थ पाहू नये असा आपण कधी करून घेतला? घरातल्या आजीच्या हातून आता पोळ्या होत नाहीत, म्हणून तिच्या खोलीत जायचं आपण सोडतो का?

द्वारकेला राहणाऱ्या बाईला तर सबबच नाही. मुंबई-आग्रा रस्ता आणि पुण्याचा रस्ता आपल्या चौकात एकमेकांना भेटतात. वरून उड्डाणपूल, खालून रिक्षा, बस, भाजीचे टेम्पो. आपण या चौकाला रोज शिव्या घालतो, आणि सिग्नलला ज्या रीतीने सगळे एकाच वेळी पुढे घुसतात ते बघता त्या शिव्या रास्तही आहेत. पण जरा दिशा बघा. मुंबईच्या अंगाने गेलं की त्रिरश्मीचा डोंगर, म्हणजे आपली पांडवलेणी. आग्र्याच्या अंगाने चांदवड, जिथल्या नेमिनाथ ब्रह्मचर्याश्रमात आपली मुलं शिकली. त्याच गावाच्या डोंगरात तीर्थंकरांच्या मूर्ती कोरलेलं जुनं लेणं आहे. त्याच्याही पुढे मनमाडजवळ अंकाई-टंकाईची जैन लेणी. पुण्याच्या अंगाने सिन्नर, यादवांचं गाव, तिथं गोंदेश्वर. गावातून नदी ओलांडून दिंडोरी रस्त्याला लागलं की म्हसरूळचं गजपंथ. आणि त्र्यंबकच्या वाटेवर अंजनेरी. एवढं सगळं एका चौकाच्या आसपास असलेली गावं फार नसतील.

द्वारका म्हटलं की आपल्याला आधी नेमिनाथ भगवान आठवतात. ती द्वारका सौराष्ट्रातली, समुद्राकाठची. पण तिचा धागा नाशिकपर्यंत येतो. चौदाव्या शतकात जिनप्रभसूरींनी ‘विविध तीर्थकल्प’ लिहिला, त्यात नाशिकवर एक स्वतंत्र कल्प आहे. द्वारका नष्ट झाली तेव्हा तिथून वाचलेल्या एका गरोदर बाईला मुलगा झाला, तोच दृढप्रहार, आणि त्याच्यापासून इथलं यादवांचं घराणं पुढे चाललं, अशी कथा जैन परंपरेत आहे. ही कथा आहे, इतिहास नव्हे, हे मलाही समजतं. पण सातशे वर्षांपूर्वीच्या एका जैन आचार्यांना नाशिक हे तीर्थ म्हणून लिहून ठेवावंसं वाटलं, हा मात्र इतिहास आहे. त्याच कल्पात नाशिकमधल्या चंद्रप्रभस्वामींच्या मंदिराचं नाव येतं: कुंतीविहार. कुंतीच्या नावाचं मंदिर! आपल्या गावातलं, बाईच्या नावाचं, आठव्या तीर्थंकरांचं देऊळ. आज ते नाव किती जणींनी ऐकलंय?

आता त्रिरश्मीवर या. तिथं चोवीस लेणी आहेत आणि त्यांचा पांडवांशी काही संबंध नाही. ती बौद्ध भिक्खूंसाठी खोदलेली, दोन हजार वर्षांपूर्वीची. तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे. गौतमीपुत्र सातकर्णीची ती आई. मुलगा गेल्यानंतर, नातू पुळुमावीच्या राज्याच्या एकोणिसाव्या वर्षी तिने ते लेणं दान केलं आणि लेखात मुलाचं कौतुक कोरून ठेवलं. दहाव्या लेण्यात नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात आणि त्याची बायको दक्षमित्रा यांची दानं आहेत. दक्षमित्राच्या दानाचा लेख तिच्या स्वतःच्या नावाने आहे. आपल्या मंदिरांतल्या संगमरवरी पाट्या आठवा. ‘अमुक यांच्या धर्मपत्नी’ एवढंच असतं पुष्कळ ठिकाणी, बाईचं नाव शोधावं लागतं. दोन हजार वर्षांत आपण पुढे आलो की मागे गेलो, हे तुम्हीच ठरवा.

उषवदाताच्या लेखातला हिशेब तर आपल्या घरातल्या माणसांना वाचून दाखवावा असा आहे. त्याने ३००० कार्षापण गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवले. २००० एकीकडे, दरमहा शेकडा एक टक्क्याने. १००० दुसरीकडे, पाऊण टक्क्याने. मुद्दल परत घ्यायची नाही, नुसतं व्याज वापरायचं. त्यातून लेण्यात राहणाऱ्या वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा कार्षापण वस्त्रांसाठी. म्हणजे आपण ज्याला ध्रुवफंड म्हणतो तोच हा! आमच्याकडे हे सांगितलं तेव्हा घरातल्या मंडळींनी पहिला प्रश्न विचारला, ‘दोन ठिकाणी वेगळा दर का?’ याला म्हणतात रक्तातला व्यापार.

पण आपल्यासाठी तिथं थांबायची जागा आहे अकरावं लेणं. दहाव्याला लागूनच, थोडं वरच्या अंगाला, लहानसं. फार लोक आत डोकावतही नाहीत. शिवमित्र लेखकाचा मुलगा रामणक याचं दान, असा तिथला लेख सांगतो. म्हणजे खोदलं बौद्धांसाठी. पुढे कितीतरी शतकांनी ते आपल्या लोकांच्या हाती आलं आणि तिथं ऋषभदेव आणि अंबिका कोरली गेली. त्या झिजल्यात. तरी अंबिका ओळखू येते.

अंबिकेची गोष्ट आपल्या घराघरांत सांगितली जाते, पण सुनेच्या बाजूने ती कुणी सांगत नाही. अग्निला नावाची ब्राह्मणाघरची सून. घरात श्राद्धाचा स्वयंपाक झालेला, आणि दारात मुनिराज आले. तिने त्यांना आहार दिला. श्राद्धाआधी अन्न बाहेर गेलं म्हणून नवऱ्याने तिला दोन लेकरांसकट घराबाहेर काढलं. ती गिरनारकडे निघाली. लेकरांना भूक लागली तेव्हा हंगाम नसताना आंब्याला आंबे लागले. पुढे नवरा पस्तावून तिला घ्यायला आला, तर ती त्याला पाहून भ्यायली आणि तिथंच तिचा अंत झाला. तीच नेमिनाथांची यक्षी अंबिका. हातात आंब्याची डहाळी, मांडीवर मूल, आणि नवरा तिचं वाहन झाला, सिंह. आहारदानावरून घरात बोलणी खाल्लेल्या किती बायका आजही असतील! अशी ती बाई आपल्या द्वारकेपासून रिक्षाने जाता येईल अशा अंतरावर, एका विसरलेल्या लेण्यात बसून आहे, आणि आपण तिचं दर्शन घ्यायला दूरदूर जातो.

गाईडला हे माहीत नसतं. तो ‘इथं भीम राहायचा’ असं काहीतरी सांगतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला जे विचारलं जातं ते तो सांगतो. पण आपल्याला जे वाचता येतं, ते त्याला येत नाही, हे आपण विसरतो. पाठशाळेत आपण चोवीस तीर्थंकरांची लांछनं पाठ केली. बैल दिसला की ऋषभदेव, चंद्रकोर दिसली की चंद्रप्रभ, सापाचा फणा दिसला की पार्श्वनाथ. पद्मासन कोणतं, कायोत्सर्ग कोणता हे आपल्या सहा वर्षांच्या नातवंडालाही कळतं. खांद्यावर केसांच्या बटा आल्या असतील तर लांछन झिजलेलं असलं तरी ते बहुतेक ऋषभदेवच. दरवाज्याच्या पट्टीवर मधोमध लहानशी बसलेली जिनमूर्ती असेल तर देऊळ आपलं. एवढी विद्या जवळ असताना आपण ती नुसती परीक्षेच्या पेपरात वापरतो.

एक गोष्ट आधीच सांगते, नाहीतर कुणीतरी वेगळा अर्थ काढेल. अकरावं लेणं ‘आपलं’ म्हणून तिथं झेंडा लावायला जा, असं मी म्हणत नाही. जागा बौद्धांची, मध्ये काही काळ आपल्या लोकांनी वापरलेली, नाव पांडवांचं, आणि राखण सरकारची. हे सगळं एकाच वेळी खरं आहे. अनेकान्ताची व्याख्या आपण प्रवचनात ऐकतो. डोळ्यांनी पाहायची असेल तर त्या पायऱ्या चढून जा. जाताना चपलांचा आवाज कमी, भिंतीला हात नाही, कुंकू-फूल-तांदूळ काही वाहायचं नाही. पाहायचं, मनात णमोकार म्हणायचा, खाली यायचं.

जुन्या नाशकाबद्दल मी फार लिहीत नाही, ते आपल्या पायाखालचं आहे. फक्त काठे गल्लीतून भद्रकालीकडे आणि तिथून नदीवर जाताना एकदा भाजीची पिशवी न घेता जा. नारोशंकराच्या देवळावरची घंटा वसईची आहे, मराठ्यांनी १७३९ साली वसई जिंकली त्या विजयाची खूण. काळाराम मंदिराच्या दाराशी २ मार्च १९३० ला सत्याग्रह सुरू झाला, तो पुढे पाच वर्षं चालला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली. देवळात कुणाला येऊ द्यायचं हा प्रश्न ज्या दाराने विचारला, त्या दारासमोर दोन मिनिटं उभं राहायला कुठलाही धर्म आड येत नाही. आपल्याही मंदिरांच्या दारांवर कोणत्या पाट्या असतात ते आठवून बघा. असो.

अंजनेरीकडे वळते, कारण माझा जीव तिथं अडकलाय.

नाशिकहून वीसेक किलोमीटर. रविवारी सकाळी तिथं गाड्यांची रांग असते. कारण डोंगर हनुमंताचं जन्मस्थान, आणि तरुण मुलांना चढायला आवडतो. चढाच्या वाटेवर पार्श्वनाथांचं लेणं लागतं, तिथं मुलं दम खायला बसतात. पायथ्याची देवळं मात्र तशीच असतात. सोळा देवळांचा हा समूह, अकराव्या-बाराव्या शतकातला, काही जैन, काही शैव-वैष्णव. पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहेत. कुठं शिखर नाही, कुठं नुसतं जोतं, कुठं दाराची चौकट तेवढी उभी आणि तिच्यावर इतकी नाजूक नक्षी की सोनाराने पाहावी.

तिथल्या एका जैन देवळात संस्कृत शिलालेख मिळाला. शके १०६३ चा, म्हणजे इसवी सन ११४१ च्या आसपासचा. यादव सेऊणदेवाच्या काळात चंद्रप्रभांच्या मंदिराला काही दुकानांचं उत्पन्न लावून दिल्याची नोंद त्यात आहे. मैत्रिणींनो, दुकानांचं उत्पन्न! शेत नाही, गाव नाही, दुकानं. म्हणजे इथं बाजारपेठ होती, त्या पेठेत आपली माणसं बसत होती, आणि गल्ल्यातला वाटा देवळाच्या दिव्याला जात होता. पावणेनऊशे वर्षं झाली. आज आपल्यातल्या प्रत्येक घराचं भद्रकालीत, मेनरोडला, नाशिकरोडला एखादं दुकान आहे, आणि दुकानातून मंदिराला जाणारा वाटा आजही आहे. मारवाडातून, गुजरातेतून, विदर्भातून आपण कुठूनही आलो असू, या मातीत आपण पाहुणे नाही, हे सांगणारा याहून चांगला कागद कुठला? आणि तो कागद दगडावर लिहिलेला आहे, त्याला झेरॉक्स लागत नाही.

माझ्या घरात यावर वाद झाला, तो इथं मांडते. आमच्या मोठ्या जाऊबाई धार्मिक आहेत, नुसत्या बोलण्यातल्या नव्हेत; त्यांचे उपवास मी पाहिलेत. त्या म्हणाल्या, ‘अगं, भग्न मूर्ती पाहिली की मन खिन्न होतं. तीर्थाला मन प्रसन्न व्हायला जायचं असतं.’ मी म्हटलं, ‘ताई, बारा भावनांत पहिली कुठली?’ त्या हसल्या. अनित्य. रोज सामायिकात ज्याचं चिंतन करतो ते समोर दगडात दिसलं तर आपल्याला दुखतं, हे खरं आहे. तरीही त्यांचं म्हणणं मी मोडीत काढत नाही. म्हाताऱ्या माणसाला तुटलेलं देऊळ पाहून रडू येतं, त्याला जबरदस्तीने नेऊ नये. पण आपण चाळिशी-पन्नाशीतल्या बायका, आणि आपल्या कॉलेजातल्या मुली, आपल्याला काय धाड भरलीय?

दुसरी अडचण मला जास्त गंभीर वाटते. आपण अशा ठिकाणी गेलो की लगेच मनात येतं, याचा जीर्णोद्धार करू. नवीन शिखर, नवा संगमरवर, ग्रॅनाइटची फरशी, एलईडीची माळ. देणगी द्यायला आपण मागे नाही, उलट तिथंच आपण फार पुढे आहोत. एका गावच्या जुन्या मंदिरात (नाव घेत नाही) मी लहानपणी पाहिलेले काळ्या दगडाचे खांब आता टाइल्सच्या आत गेलेत. विश्वस्तांनी मनापासून केलं, पैसा खरा, भाव खरा. खांब मात्र गेले. ते कोणत्या काळातले होते, त्यावर काय लिहिलं होतं, आता कुणालाही वाचता येणार नाही. त्यापेक्षा अंजनेरीची देवळं सरकारी कुंपणात पडलीत हे एका अर्थी बरंच म्हणायचं. तुटलीत, पण खोटी झालेली नाहीत.

इथं इंग्लंडची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. लेस्टर नावाचं शहर आहे, तिथं आपल्या समाजाची पुष्कळ घरं आहेत, बरीचशी पूर्व आफ्रिकेतून तिकडे गेलेली. त्या लोकांनी ऑक्सफर्ड स्ट्रीटवरचं एक जुनं चर्च विकत घेतलं आणि त्याचं जैन मंदिर केलं. १९८८ साली तिथं प्रतिष्ठा झाली. बाहेर पांढराशुभ्र संगमरवर, आत कोरीव खांब, आणि श्वेतांबर, दिगंबर, स्थानकवासी सगळे एकाच छपराखाली. ते मंदिर पाहून आलेल्या बायका भारावून बोलतात, आणि बोलायलाच हवं. पण त्याच शहरात ज्यूरी वॉल म्हणून रोमन काळातली एक भिंत आहे. नुसती भिंत. विटा-दगडांची, मोडकी, मधे कमानींची भोकं. ती कुणी प्लास्टर केली नाही, तिच्यावर रंग लावला नाही. शाळेतली मुलं रांगेने येतात, पाहतात, वहीत चित्र काढतात. जवळच गिल्डहॉल आहे, सहाशे वर्षांपूर्वीचं लाकडी वाशांचं सभागृह, तेही तसंच जपलेलं.

इंग्रजांचं सगळंच गोड आहे असंही नाही. त्याच लेस्टरमध्ये त्यांचा एक राजा, तिसरा रिचर्ड, १४८५ साली लढाईत मेला, आणि त्याची कबर पुढे हरवली. २०१२ मध्ये सरकारी गाड्यांच्या पार्किंगखाली त्याची हाडं सापडली! २०१५ मध्ये त्यांनी ती तिथल्या कॅथीड्रलमध्ये पुन्हा पुरली. म्हणजे विसरणं सगळीकडे सारखंच. पण सापडल्यावर गाव धावलं. आपल्याकडे न खणता, जमिनीच्या वर, भर उन्हात उभं आहे, आणि आपण त्र्यंबकच्या गाडीतून काच वर करून पुढे जातो.

गजपंथाचं तसं नाही, ते आपण जागतं ठेवलंय. सात बलभद्र आणि आठ कोटी मुनी जिथून मोक्षाला गेले त्या टेकडीवर आजही बायका अनवाणी पायऱ्या चढतात. बाहेरच्या लोकांना ती चांभारलेणी म्हणून ठाऊक, आपल्याला सिद्धक्षेत्र. मग हाच प्रश्न विचारते: गजपंथ जागतं राहिलं ते कशाने? लोक जात राहिले म्हणून. एकोणिसाव्या शतकात भट्टारक क्षेमेंद्रकीर्तींनी म्हसरूळला धर्मशाळा-मंदिर उभं करून यात्रा पुन्हा सुरू केली, तेव्हापासून पावलं थांबली नाहीत. पावलं थांबली की काय होतं ते अंजनेरीला दिसतं. कुंतीविहाराचं तर तेवढंही उरलं नाही, नुसतं नाव एका ग्रंथात राहिलं.

म्हणून माझं मत असं की मंडळाच्या वर्षाच्या यात्रांमध्ये एक यात्रा बिनपूजेची असावी. थाळी नाही, कलश नाही, बोली नाही. बोली नसली की काही जणींना ती यात्राच वाटणार नाही, हे मला ठाऊक आहे. पण बोली नाही म्हणजे खर्चही नाही, आणि ज्या बायका पैशाअभावी मोठ्या यात्रेला ‘पाय दुखतात’ म्हणून मागे राहतात त्याही येतील. आपल्यात अशा बायका आहेत. आपण त्यांच्या पायांची चौकशी करतो, पाकिटाची करत नाही.

मुलांना न्यावं. स्तवन पाठ करून घेण्यापेक्षा ‘शोध बरं चंद्र कुठं आहे’ म्हटलं की ते दहा मिनिटांत सगळी देवळं पालथी घालतात. अंजनेरीलाच जुन्या नाण्यांच्या अभ्यासाची संस्था आहे, तिथं नाण्यांचं संग्रहालय आहे. कार्षापण म्हणजे काय ते मुलांना कळेल, आणि उषवदाताचं व्याजही मग त्यांच्याकडून काढून घेता येईल.

जायचं तर चातुर्मास संपल्यावरच. पावसाळ्यात अंजनेरी हिरवीगार असते, फोटो सुंदर येतात, पण पायाखाली गवत, शेवाळ, किडा-मुंगी, त्यात आपण जाऊ नये. दिवाळीनंतर गवत वाळतं, तेव्हा पायवाट दिसते. द्वारकेहून सकाळी सातला निघालं तर चौकाची गर्दी सुरू होण्याआधी आपण गंगापूर नाका ओलांडतो. पाणी घरूनच, गाळून उकळून, कारण तिथं मिळेलच याचा भरवसा धरू नये. डब्यात खाकरा, मेथीचे ठेपले, कोरडी मुगाची डाळ. दही नको, उन्हात टिकत नाही. पायांत बूट, साडीपेक्षा ड्रेस बरा. वही-पेन्सिल घ्या. देवळांना हात लावू नका, दगडावर बसू नका, आणि खडूने नाव लिहिणारं कुणी दिसलं तर, तुमच्याच गाडीतलं असलं तरी, ओरडा.

सूर्यास्ताच्या आत जेवायला घरी पोचायचं असेल तर तिथून तीनला निघालेलं बरं. परतताना त्र्यंबक नाक्यापासून गर्दी लागते, आणि द्वारकेच्या सिग्नलचं तर तुम्हाला मी काय सांगणार. कार्तिकातल्या दुसऱ्या रविवारी मी जाणार आहे, चार जणी ठरल्यात. गाडीत तीन जागा आहेत.